चकाकीच्या आधी

चकाकणारी वस्तू कोणाला आवडत नाही? देवघरातील समई, सणासुदीला चिंचेने घासलेली तांब्याची घागर, कल्हई करून आणलेले पातेले, ही सारी पाहिली की मन प्रसन्न होते. परंतु वस्तू उजळण्यापूर्वी कोणाचे तरी हात काळे झालेले असतात, हे आपल्या ध्यानात क्वचितच येते. तळेगाव ढमढेरे येथील एका मुलाला ते कळले, आणि त्याला निमित्त झाली एक जुनी मोटारसायकल.

तळेगाव ढमढेरे हे शिरूर तालुक्यातील, वेळ नदीच्या काठचे गाव. तेथील एका घराच्या पडवीत १९६८ सालची एक बुलेट उभी होती. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथील कारखान्यात ती तयार झाली होती. आजच्या गाड्यांहून तिची रीत उलटी. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. मुलाचे आजोबा न्हावऱ्याला शिक्षक होते, तेव्हा ऊनपावसात याच गाडीवरून ते जात-येत. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी मंदावली. माणूस समोर आला तर ओळखू येई. बारीकसारीक मात्र काहीच दिसत नसे. गाडी धूळ खात राहिली. इंजिनाची दोन्ही बाजूंची झाकणे काळवंडून गेली.

उन्हाळ्याच्या सुटीत मुलाने ती उजळायचे ठरविले. तो म्हणाला, “आजोबा, आपण ही झाकणे पुण्याहून क्रोम करून आणू या का? आरशासारखी दिसतील.”

आजोबा हसले. “क्रोमचा थर किती जाड असतो, ठाऊक आहे? मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ! त्याच्याखाली निकेल असते आणि त्याच्याही खाली पुष्कळदा तांबे. मूळ धातूवर ओरखडा राहिला, तर तो या साऱ्या थरांतून वर दिसतो. म्हणजे क्रोम करायचे, तरी आधी घासणे आलेच. आणि ही झाकणे अॅल्युमिनियमची आहेत. नीट घासली, तर ती आपल्याच अंगाने चमकतात.”

क्रोमियम हा धातू वोक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली शोधून काढला. त्याच्या संयुगांना नाना रंग असतात, म्हणून ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. माणकाची लाली याच धातूच्या अंशामुळे येते. मात्र मुलामा चढविण्यासाठी वापरले जाणारे त्याचे काही क्षार फार विषारी असतात. त्यांचे पाणी नदीनाल्यात सोडले, तर माणसांना आणि माशांना अपाय होतो. आजोबांनी हे सांगितले, तेव्हा मुलाने क्रोमचा नाद सोडला.

काम सुरू झाले. इंजिनातील तेल घमेल्यात काढून घेतले, स्क्रू सोडविले आणि झाकणे डिझेलने स्वच्छ धुतली. झाकणाची जी कड इंजिनाला घट्ट बसते, तिला घासकागद लावायचा नाही, असे आजोबांनी बजावले. कारण ती कड बिघडली, तर तेथून तेल झिरपू लागते. नंतर पॉलिशकागद आले. त्यांच्यावर आकडे असतात; आकडा जितका मोठा, तितका कागद मऊ. प्रथम दोनशेवीस, मग चारशे, मग आठशे आणि शेवटी बाराशे. प्रत्येक नवा कागद आधीच्या रेघांना आडवा फिरवायचा, म्हणजे जुन्या रेघा पुसल्या गेल्या की नाही ते कळते. आधीची रेघ उरली असेल, तर पुढे जायचे नाही. घासण्याचे सारे शास्त्र एवढेच.

पहिला दिवस उत्साहात गेला. दुसऱ्या दिवशी बोटे दुखू लागली, नखे काळी झाली. मित्र बाहेर चेंडूफळी खेळत होते. मुलाने चारशेचा कागद बाजूला ठेवला आणि एकदम आठशेचा हाती घेतला. संध्याकाळपर्यंत बाराशेचाही उरकून, मसाला लावून त्याने झाकण फडक्याने चोळले. पडवीच्या अंधुक उजेडात ते खरोखरच लखलखले.

“चारशेचा फिरवलास ना?” आजोबांनी विचारले.

“फिरवला, आजोबा.”

आजोबांनी झाकण मांडीवर घेतले आणि त्यावरून हळूहळू तळहात फिरविला. “छान! अगदी छान काम केलेस,” ते म्हणाले.

त्या रात्री मुलाला लवकर झोप आली नाही. सकाळी त्याने झाकण अंगणात उन्हात धरले. गुळगुळीत पृष्ठभागाखाली दोनशेवीसच्या रेघा केसांसारख्या पसरलेल्या त्याला दिसल्या. आजोबांना त्या कधीच दिसल्या नसत्या. हे मनात येताच त्याला अधिकच वाईट वाटले. ज्याला दिसत नाही, त्याला फसविणे किती सोपे! आणि म्हणूनच किती हलके!

तो आजोबांजवळ गेला. “आजोबा, मी काल खोटे बोललो. चारशेचा कागद मी फिरवलाच नाही.”

आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मी तुझ्या डोळ्यांनी पाहत होतो, बाळ. आज ते पुन्हा मला मिळाले. जा, चारशेचा कागद घेऊन ये.”

सारे काम पुन्हा करावे लागले. त्यात आणखी दोन दिवस गेले. पण या वेळी उन्हात धरलेल्या झाकणावर एकही रेघ नव्हती. त्यात मुलाला आपला स्वतःचा चेहरा दिसला.

अॅल्युमिनियमची झळाळी कायमची नसते. हवा लागताच त्यावर एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. तो धातूचे रक्षण करतो. पण ऊन, पाऊस आणि धूळ सोसून महिन्या-दोन महिन्यांत वरची चमक मंदावते. म्हणून मुलगा अजूनही अधूनमधून फडके घेऊन बुलेटपाशी बसतो. काम संपले की तो “झाले, आजोबा,” असे सांगतो. आजोबा त्यावर काहीही विचारत नाहीत.