ताडोबाचा बेत

जंगली प्राणी म्हटलं की आमच्या घरातल्या दोन्ही मुलांना अल् अरीन आठवतं. सखीरजवळचं ते अभयारण्य १९७६ साली सुरू झालं. शाळेच्या सहलीला बसमधून ओरिक्स आणि वाळवंटी हरणं पाहायची आणि संध्याकाळच्या आत माहूजला परत. आपल्या वर्गातल्या बहुतेकांनी ही सहल केली असेल. पण आमचे आजोबा राहतात वरोऱ्याला, ताडोबाच्या अगदी शेजारी, आणि नातवंडांनी अजून ताडोबा पाहिलेला नाही. दर फोनवर हा विषय निघतो. आजोबा आता ८१ वर्षांचे आहेत. म्हणून यंदा जायचंच, असं आम्ही चौघांनी ठरवलं.

पालकहो, ठरवणं सोपं असतं! आपली मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. ताडोबाचा गाभ्याचा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. म्हणजे आखातातल्या मुलांना सवड मिळते, नेमकी तेव्हाच जंगलाला सुट्टी. "पावसात जंगल बंद रायते बापू, हिवाळ्यात या," असं आजोबांनी फोनवर आधीच बजावलं होतं. रस्त्यांचा चिखल होतो, गाड्या रुततात, आणि जनावरांनाही तेवढीच उसंत मिळते. कडेच्या बफर भागातली काही दारं पावसाळ्यातही उघडी असतात, पण आजोबांना दाखवायचा आहे तो ताडोबाचा तलाव, आणि तो आहे आत.

त्या तलावाची गोष्ट मुलांना पाठ झाली आहे. तारू नावाचा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला, तोच पुढे गोंडांचा देव झाला, आणि त्याच्यावरून ताडोबा हे नाव पडलं. काठावर त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरते. तलावात मगरीही आहेत. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं. महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. आजोबा त्या बाजूच्या गावात शिक्षक होते. सायकलवरून शाळेत जाताना वाट अडवून बसलेल्या अस्वलाची हकीकत ते आजही अर्धा तास सांगतात (दर वेळी अस्वल थोडं मोठं होतं). बफर धरून या व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र सतराशे चौरस किलोमीटरहून अधिक भरतं. आपला सगळा बहरीन आठशेच्या आत. हे ऐकून धाकट्याने नकाशा काढून दोनदा मोजून पाहिलं.

तर बेत डिसेंबरचा. ती सुट्टी लहान, आणि बाबांची वार्षिक रजा उन्हाळ्यात ठरलेली. कंपनीकडे बारा दिवस मागितले, दहा मिळाले. मुंबईपर्यंत विमान, तिथून विदर्भ एक्सप्रेसने वर्धा, पुढे वरोरा. दर मंगळवारी ताडोबा बंद असतो, तो दिवस आजीच्या हातच्या जेवणासाठी राखला. सफारीचं आरक्षण बरंच आधी करावं लागतं, आणि आरक्षणात दिलेलं ओळखपत्रच बरोबर न्यावं लागतं. मोबाईल आत नेता येत नाही. थोरलीला हा सगळ्यात मोठा धक्का!

शब्दांचाही गोंधळ उडाला. आजोबा म्हणाले, "सांबर दिसेलच." धाकटा म्हणाला, "इडलीबरोबरचं?" तिकडे आजीला वाटलं, कोथिंबीर हवी आहे, कारण विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. शेवटी आजोबांनी सांबराची शिंगं कागदावर काढून फोटो पाठवला.

खरी अडचण निराळीच निघाली. जिप्सीत पर्यटक बसतात सहा. आम्ही चौघं, आजी-आजोबा आणि आत्या मिळून सात. आजी लगेच म्हणाली, "तुम्ही जा, मी शिदोरी बांधून देते. मले पाहून वाघ काय करन?" इतकी वर्षं जंगलाशेजारी राहून आजी एकदाही आत गेलेली नाही, हे आम्हांला त्या दिवशी कळलं. आजोबा फोनवर गप्प झाले.

मुलांनीच तोड काढली. पहिली फेरी सकाळची, मोहर्ली दारातून. तीत आजी जाणार, बाबा मागे राहणार. दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीत बाबा जातील आणि आजोबा कंबरेला विश्रांती देतील. खर्च दुप्पट होणार, पण तो हिशेब आम्ही घरात कोणापुढे मांडलेला नाही. आजीने अजून हो म्हटलेलं नाही. मात्र गेल्या शुक्रवारी तिने विचारलं, "उघड्या गाडीत सकाळी थंडी लय असन, नाही का?" आम्ही आरक्षणात तिचं नाव घातलं आहे.

तेव्हा मंडळी, कोणाकडे दुर्बीण असल्यास दहा दिवसांसाठी द्यावी, ही विनंती. शुक्रवारी वर्ग सुटल्यावर आम्ही जिन्याजवळ भेटू. आणि कान झाकतील अशा लोकरी टोप्या बहरीनमध्ये कुठे मिळतात, तेही सांगावं. सात हव्या आहेत.