निजलेले कंद

एखादे झाड वाळू लागलेले दिसले, की हाती झारी घेणे हा आम्ही भूतदयेचाच प्रकार मानीत आलो. हीच समजूत बरोबर घेऊन आम्ही एका उन्हाळ्यात कन्येकडे कॅलिफोर्नियास गेलो. तिच्या अंगणातील एका वाफ्यात वाळक्या पात्यांखेरीज काही दिसत नव्हते. "बाबा, त्या वाफ्याला पाणी घालू नका हं, कंद निजले आहेत," असे तिने बजावले होते. पण ती कामावर गेली, की आम्हांस त्या मातीची दया येई आणि झारी आपसूक तिकडे वळे.

तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. भूमध्य समुद्राच्या काठचे ऋतुमान हेच. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचेही हेच. अशा प्रदेशांतील पुष्कळसे कंद वसंतात फुलून घेतात, पानांनी कमावलेले अन्न पोटात साठवितात आणि उन्हाळाभर जमिनीखाली पडून राहतात. ट्यूलिपची पुढील वर्षाची कळी या निजेतच आकार घेते. आम्ही जिला तहान समजलो, ती विश्रांती होती! ऑगस्टच्या मध्यास कन्येने माती उकरली, तेव्हा रानट्यूलिपचे कंद लिबलिबीत होऊन हाती आले. ती काही बोलली नाही. बोलली असती, तर आम्हांस बरे वाटले असते.

पुढे काही दिवसांनी वाफ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात, जेथे आमची झारी पोचत नसे, एक दांडा वर आला. पान एकही नाही; पण पाहता पाहता तो आमच्या कमरेएवढा झाला आणि पांढऱ्या चांदण्यांनी खालून वर फुलत गेला. हा भूमध्यकाठचा कांदा, स्क्विल. त्याच्या बहरावरून नांगरणीची वेळ ओळखता येते, असे थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नोंदविले आहे. उपटून टांगून ठेवला तरी त्यास पालवी फुटते. म्हणून क्रीट बेटात नववर्षाला तो शुभ मानून दारी बांधतात. नवल असे, की त्याचाच भाऊबंद कोळकांदा आमच्या कोकणात आहे. तोही पाने फुटण्यापूर्वी, ऐन उन्हाळ्यात फुलतो, आणि औषधात स्क्विलच्या जागी त्याचा उपयोग होत आला आहे. त्याच्या मळकट फुलांकडे आम्ही कधी वळूनही पाहिले नव्हते.

सायंकाळी आम्ही दोघे त्या दांड्यापुढे खुर्च्या टाकून बसलो. बऱ्याच वेळाने कन्या हसून म्हणाली, "बाबा, याला तेवढे तुम्ही विसरलात!"