पाटल्या मोडून घड्याळ?

आपली मुलं मोठी झाली की आपल्याकडे काय मागतील याचा नेम नसतो. लहानपणी चेंडू मागतात, मग सायकल, मग पुण्याला शिकायला जायची परवानगी. माझ्या मुलाने गेल्या गणपतीत माझ्या पाटल्या मागितल्या.

बायकोसाठी मागितल्या असत्या तर मी हसत काढून दिल्या असत्या. पण त्याला हव्या होत्या मोडायला! म्हणाला, "आई, चार तोळं सोनं लॉकरमध्ये नुसतं पडून आहे. तू घालत नाहीस. ते मोडलं तर एक चांगलं स्विस घड्याळ येईल. मी वापरीन, माझ्या मुलाला देईन, तो त्याच्या मुलाला देईल. घराण्याची वस्तू होईल. आणि किंमत वाढतच जाते त्याची."

मी मोदकाची उकड मळत होते. हात पिठाचे होते म्हणून बरं, नाहीतर कपाळाला लावले असते. आमचे हे झोपाळ्यावर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर जरा वर धरला एवढंच. मुलगी चिपळूणहून आलेली, ती नारळ खवत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. ती काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू आलं.

मुलगा वाईट नाही हो. कमावता आहे, निर्व्यसनी आहे. ऑफिसातले मित्र असली घड्याळं घेतात, इंटरनेटवर त्यांचे भाव बघतात. मी म्हटलं, "सण होऊ दे, मग बोलू." पण माझ्या डोक्यात घड्याळ टिकटिकायला लागलं ते लागलंच. कारण आमच्या माहेरी एक सोन्याचं घड्याळ होतं, आणि त्याचं काय झालं हे मला आई गेल्यावर कळलं.

आईबाबांचं लग्न १९६२च्या मे महिन्यातलं. जावयाला घड्याळ द्यायची तेव्हा पद्धतच होती. आजोबांनी मुंबईहून बोटीने येताना सोन्याचं स्विस मनगटी घड्याळ आणलं होतं. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला सव्वाशे रुपयांच्या आसपास होतं, पण सव्वाशे रुपये म्हणजे सुद्धा कारकुनाचा पगार! पुढे १९६३च्या जानेवारीत सरकारचा सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि चौदा कॅरटच्या वरचे दागिने करायची बंदी आली. आजी म्हणायची, "आमचं वेळेत झालं गो बाई."

मला ते घड्याळ आठवतं ते बाबांच्या हातावर रविवारी, लग्नकार्याला आणि पंधरा ऑगस्टला. एरवी ते कापसात गुंडाळून ट्रंकेत असायचं. मी पाचवीत असताना बाबा मला ते कानाशी धरू द्यायचे. पुढे कधीतरी ते दिसेनासं झालं, आणि बाबांच्या हातावर एचएमटीचं 'जनता' आलं. स्टीलचं, पांढऱ्या तबकडीचं, चावीचं. आईने आपल्या शाळेच्या पगारातून घेऊन दिलेलं. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "समुद्राच्या वाऱ्याला सोन्याचं घड्याळ टिकत नाही गं." मला ते पटलं! झाडगावच्या घरात खिडकीचे गज गंजताना रोज बघत होते मी. सोन्याला गंज चढत नाही हे शाळेत शिकले होते, पण बाबांच्या बोलण्याशी ते ताडून बघावं असं काही मनात आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. वहिनी आणि मी तिचं कपाट आवरत होतो. बांगड्यांची वाटणी सोपी असते, तराजू असतो. पण कप्प्याच्या तळाशी बामची एक रिकामी डबी निघाली. आत कापूस, आणि कापसात एका घड्याळाचं मशीन. तबकडी होती, काटे होते, चावीची कळ होती. भोवतालचं सोनं तेवढं नव्हतं. डबीच्या झाकणाला आतून चिकटवलेला कागद, आईच्या शाळामास्तरणीच्या ठसठशीत अक्षरात: माझं नाव, डी.एड., १९८४.

मला डी.एड.ला दुसऱ्या गावी वसतिगृहात राहावं लागलं होतं. फी, अनामत, गादी, पेटी. पैसे कुठून आले हे मी कधी विचारलं नाही. अठरा वर्षांच्या मुलीला ते सुचत नाही, तुम्हीच आठवून बघा. मामाने नंतर सांगितलं. बाबांनी घड्याळ सराफाकडे नेलं. सराफाने काय करावं? त्याला काळ-वेळाशी काय देणंघेणं! त्याने मागचं झाकण उघडलं, मशीन काढून कागदाच्या पुडीत बाबांच्या हातावर ठेवलं आणि उरलेली सोन्याची केस तराजूत टाकली. साडेसात ग्रॅम भरली. अठरा कॅरट म्हणजे चोवीसात अठरा भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. म्हणजे शुद्ध सोनं साडेपाच ग्रॅमच्या वर थोडंसं. त्यातून घट वजा. हजाराच्या आत-बाहेर काहीतरी मिळाले. आजोबांनी त्या मशीनसाठी, स्विस नावासाठी जे मोजलं होतं त्याचे शून्य रुपये. आणि मी शिक्षिका झाले.

आता हिशेब बघा. सोन्याच्या घड्याळात सोनं फार नसतं. बायकांच्या जुन्या लहान घड्याळात तर फारच थोडं. दुकानात तुम्ही पैसे देता ते कारागिरीचे आणि नावाचे. वर सोन्याच्या दागिन्यावर जीएसटी तीन टक्के, घड्याळावर अठरा टक्के. मोडायला गेलात की हातात येतं सोन्याचं वजन, आणि घेणारा शौकीन असेल तरच नावाचे पैसे. असा शौकीन रत्नागिरीत राम आळीच्या टोकाला उभा नसतो. पाटली मात्र तुम्ही कुठल्याही गावी, कुठल्याही रात्री घेऊन जा. घडणावळ बुडेल, पण सोन्याचा त्या दिवसाचा भाव मिळेल. १९७० साली दहा ग्रॅम दोनशेच्या आत होतं, २०२५ साली लाखाच्या वर गेलं.

मुलाचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नाही, हेही मी शोधून काढलं. (निवृत्त शिक्षिकेला वेळ असतो!) गंमत म्हणजे जगात ज्या घड्याळांना डोळे फिरवणाऱ्या किमती आल्या त्यांतली कित्येक सोन्याची नव्हेत, स्टीलची आहेत. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९४१ पासून काही वर्षं एक तऱ्हेचं घड्याळ काढलं, सगळी मिळून तीनशेच्या आत. बहुतेक सोन्याची. स्टीलची फक्त चार ठाऊक आहेत. त्यांतलं एक २०१६ साली जिनिव्हात एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकला गेलं. जे थोडं तेच महाग.

आणि त्या पॉल न्यूमन नावाच्या नटाची गोष्ट तर मला फारच आवडली. त्याला मोटारींच्या शर्यतीचा नाद. बायकोने त्याला रोलेक्सचं स्टीलचं घड्याळ दिलं आणि मागे कोरून घेतलं की बाबा रे, गाडी जपून चालव. जगातली कुठलीही बायको हेच कोरून घेईल! ते घड्याळ त्याने एका उन्हाळ्यात मुलीच्या मित्राला देऊन टाकलं, कारण त्या मुलाला वेळ विचारली तर त्याच्याकडे घड्याळच नव्हतं. साल कुठलं? १९८४! माझे बाबा इथे सराफाच्या पायरीवर बसले होते त्याच वर्षी. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. पण ध्यानात घ्या, ती किंमत त्या नटाच्या मनगटाची होती. आमच्या चिरंजीवांच्या मनगटाला अजून तेवढा भाव आलेला नाही. नव्या घड्याळांचं म्हणाल तर दोन-तीन कंपन्यांची मोजकी मॉडेलं सोडली तर दुकानाची पायरी उतरली की किंमत उतरते. त्या मोजक्यांचे जुन्या बाजारातले भावसुद्धा २०२१ मध्ये आकाशाला भिडले आणि २०२२ मध्ये घसरले.

आणि घराण्याच्या वस्तूंचं म्हणाल तर आपल्या रत्नागिरीकरांना दूर कशाला जायला हवं? थिबा राजाला इंग्रजांनी ब्रह्मदेशातून काढलं आणि १८८६ साली इथे आणून ठेवलं. माणकांच्या देशाचा राजा तो. पेन्शन पुरेना तसं एकेक रत्न विकलं गेलं. १९१० साली राजवाडा उभा राहिला, १९१६ साली राजा गेला. त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टूटू इथेच वाढली, इथलीच झाली, मराठी बोलत गरिबीत संसार केला आणि २००० साली वारली. राजवाड्यावर मी शाळेच्या सहली नेल्या आहेत. मुली विचारायच्या, "बाई, राजाची माणकं कुठे गेली?" मी सांगायची, "खाल्ली." मुली हसायच्या. पण माणकांनी तेवढं तरी काम केलं की नाही?

बाबांचं 'जनता' मात्र अजून आहे. विकलं का नाही, तर कोणी काही देईनाच! एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली निघाला, आणि २०१६ साली सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. त्यानंतर लोक जुनी एचएमटी शोधू लागले म्हणे. तरी किंमत हजारांतच. म्हणून तर ते वाचलं.

कोकणात जुनं घड्याळ ठेवायचं असेल तर थोडं सांगते, कारण मी चुकून शिकले आहे. घाम आणि खारा वारा हे दोन शत्रू. स्टेनलेस स्टील हवेने लगेच गंजत नाही, पण मागच्या झाकणाच्या कडेला मळ साचला की खड्डे पडतात. रात्री काढलं की कोरड्या मऊ कपड्याने पुसा. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा काढून वेगळा ठेवा, त्याला बुरशी येते. घड्याळ घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर ठेवा. चावीचं असेल तर महिन्यातून एकदा चावी द्या, आणि चार-पाच वर्षांनी घड्याळजीकडून तेलपाणी करून घ्या. आतलं तेल सुकतं आणि चाकं कोरडी झिजतात. काचेच्या आत वाफ दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी न्या. सोन्याचं असेल तर पुन्हा पुन्हा पॉलिश करू देऊ नका. प्रत्येक पॉलिशला थोडं सोनं जातं, कडा बोथट होतात, आणि शौकीन नेमक्या कडाच बघतो. मुलामा असेल तर विचारायलाच नको, खालचं पितळ वर येतं. बिल आणि मूळ डबी टाकू नका. मी 'जनता'ची डबी फुलवाती ठेवायला घेतली होती, त्याबद्दल चिरंजीव अजून बोलतात.

दिवाळीला मुलगा आला तेव्हा मी त्याच्यापुढे दोन्ही ठेवली, 'जनता' आणि बामची डबी. डबीतला कागद त्याने दोनदा वाचला. मग मी म्हटलं, "बाळा, ह्या पाटल्या माझ्या आईच्या. दोन आहेत. मुलं किती आहेत मला?"

तो म्हणाला, "दोन."

"आणि घड्याळ?"

तो काही बोलला नाही. जरा वेळाने म्हणाला, "ताईला मी विचारलंच नव्हतं."

"मलाही कुठे विचारलंस? मागितलंस," मी म्हटलं. जरा कडक बोलले, पण ते मला कधीतरी बोलायचंच होतं. आमचे हे आतून म्हणाले, "त्याच्या पगारातून घेऊ दे की हवं ते." तर म्हटलं, घेऊ दे. माझी ना नाही. हौसेला मोल नसतं, फक्त त्या हौसेला गुंतवणूक म्हणू नये.

त्याने स्विस घड्याळ अजून घेतलेलं नाही, पैसे साठवतोय. बामची डबी मात्र मागून पुण्याला घेऊन गेला. तिथल्या घड्याळजीने मशीन उघडून बघितलं. म्हणे चालू होईल, पण त्या मापाची केस मिळायला हवी, आणि मिळाली तर ती स्टीलचीच मिळेल. शोध चालू आहे. मी त्याला सांगितलंय, घाई नाही.

मागच्या सोमवारी मी बँकेत जाऊन लॉकर उघडला. दोन पाटल्या दोन पुड्यांत बांधल्या आणि दोन्हींवर नावं लिहिली. एक त्याचं, एक हिचं. लवकर बाहेर आले तर बँकेतल्या बाईंनी विचारलं, "काय काकू, काही काढलंत का?"

म्हटलं, "नाही हो. दोन चिठ्ठ्या ठेवल्या."