नकाराचं कारण दाखवा

नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून संध्याकाळी भरून निघालेली पिकअप आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण करत उजाडायच्या आत वाशीच्या बाजारात लागावी लागते. माल नाशवंत, भाडं बोलून ठरलेलं आणि हप्त्याची तारीख पक्की. अशी गाडी ऐन हंगामात वर्कशॉपच्या आवारात अडकून पडली, की दुरुस्तीचं बिल हातात यायच्या आधीच मालक निम्मा मोडलेला असतो. त्यात गाडी वॉरंटीत असूनही ‘क्लेम रिजेक्ट झाला’ असा फोन आला, की तो माझ्यासारख्याचा पत्ता शोधत येतो.

माझं काम डिझेल पंप आणि इंजेक्टरचं. आधी एका अधिकृत वर्कशॉपमध्ये वॉरंटीच्या टेबलावर होतो, क्लेम तयार करून कंपनीकडे पाठवायचो. आता पुणे-नाशिक रस्त्यावर माझं स्वतःचं टेस्ट बेंच आहे. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. पार्ट गेला हे सगळ्यांनाच दिसतं. तो कशामुळे गेला, हे दाखवल्याशिवाय दिलेला नकार हा अंदाज असतो. आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत गाडीमालक मोजतो.

हा प्रश्न आज इतका तीव्र का झाला, ते समजायला इंजिनात काय बदललं ते पाहावं लागेल. जुन्या डिझेल गाडीचं नोझल साधारण २०० बार दाबाला उघडायचं. थोडं पाणी, थोडा कचरा ते पचवायचं. मिस्त्री नोझल बदलून, पंप सेट करून गाडी संध्याकाळी रस्त्यावर आणायचा. आजच्या कॉमन रेल इंजिनात दाब १,६०० बार आणि काही इंजिनांत त्याच्याही पुढे जातो. इंजेक्टरची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, आतल्या सुईची फट काही मायक्रॉनची. डिझेल इथे जळण्याचं काम करतंच, शिवाय पंप आणि इंजेक्टरला वंगणही तेच पुरवतं. म्हणून भारतीय मानकात डिझेलच्या वंगणगुणाची वेगळी चाचणी आहे: ठरलेल्या परीक्षेत घासल्याची खूण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठी पडता कामा नये. रॉकेल मिसळलं की हाच गुण मारला जातो. रस्त्याकडेच्या टाकीतून ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात विकलं जाणारं तेल तर नेमकं काय आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दुसरा बदल १ एप्रिल २०२० पासून आला. त्या दिवसापासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं आणि धुराच्या नळीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी बसली. काही गाड्यांत त्याच्या जोडीला युरियाची टाकी आली. हवेच्या दृष्टीने हा बदल गरजेचाच होता. आमच्या बाजारात शेकडो गाड्यांच्या धुरात रात्र काढणाऱ्या हमालाला विचारा, तो सांगेल.

पण डीपीएफला गाडी कशी चालते याच्याशी देणंघेणं असतं. साठलेली काजळी जाळायला गाळणीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. भरलेली गाडी घाट चढते, हायवेला एका वेगाने धावते, तेव्हा हे काम सुरळीत पार पडतं. दुधाच्या लाइनवरच्या पिकअपचं तसं नाही. दर दीड-दोन किलोमीटरवर थांबा, इंजिन चालू ठेवून कॅन चढवायचे, पुन्हा पुढचं गाव. काजळी जाळायला सुरुवात होते आणि ड्रायव्हर चावी बंद करतो. बऱ्याच इंजिनांत या कामासाठी सिलिंडरमध्येच जादा डिझेल सोडलं जातं. प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली, की त्यातलं थोडं थोडं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. मग ऑइलची पातळी वाढते. मालक काडी ओढून पाहतो, ऑइल कमी झालेलं नाही म्हणून निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ते पातळ झालेलं असतं आणि टर्बोचं, बेअरिंगचं आयुष्य संपत आलेलं असतं.

अशी गाडी वर्कशॉपला आली की नकाराचं कारण तयार असतं: ‘वापराची पद्धत चुकीची’. मला हे मान्य नाही. गाडी विकताना गिऱ्हाईक दुधाची लाइन करतो की मुंबईची भाडी, हे विचारणं विक्रेत्याचं काम आहे. डीपीएफचा दिवा लागल्यावर गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्यावर सलग चालवायची, हे डिलिव्हरीच्या दिवशी स्पष्ट मराठीत सांगायला हवं. जे कधी सांगितलंच नाही, ते पाळलं नाही म्हणून क्लेम नाकारणं अन्यायाचं आहे.

आता वर्कशॉपचीही अडचण सांगतो. वॉरंटीच्या कामाचे पैसे वर्कशॉपला कंपनीकडून मिळतात आणि तेही कंपनीने त्या कामाला ठरवून दिलेल्या तासांचेच. बिघाडाचा कोड का आला हे शोधण्यात मेकॅनिकने दिवस घालवला, तर त्यातल्या बऱ्याच वेळेचे पैसे कुणीच देत नाही. काढलेला पार्ट कंपनीकडे परत जातो, तिथे तपासला जातो, आणि नंतर क्लेम फेटाळला गेला तर तो खर्च वर्कशॉपच्या अंगावर पडू शकतो. त्यामुळे टेबलावर बसलेला माणूस आधीच सावध असतो. शंका असली की नकार देणं त्याला सोपं जातं. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो. सगळी व्यवस्थाच त्याला त्या दिशेने ढकलते.

या सावधपणातून सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘भेसळ’. दूध वाहणाऱ्या एका गाडीचं उदाहरण देतो. इंजिन झटके देत होतं, पांढरट धूर होता, वर्कशॉपने तोंडी सांगितलं की भेसळीच्या डिझेलने इंजेक्टर गेले, वॉरंटीत बसणार नाही. डिझेलचा नमुना कुणी घेतला नव्हता. मी फिल्टरच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं: स्वच्छ, खाली पाण्याचा थर नाही, धातूची चमक नाही. मग चारही इंजेक्टरची रिटर्न टेस्ट घेतली. यात प्रत्येक इंजेक्टर न वापरता किती डिझेल परत सोडतो ते वेगवेगळ्या नळकांड्यांत मोजतात. तिघांची पातळी सारखी आली, एकाची कितीतरी वर. चारही इंजेक्टर एकाच टाकीतलं, एकाच फिल्टरमधून गेलेलं डिझेल पितात. डिझेलनेच घात केला असता, तर कमी-अधिक प्रमाणात चौघांवरही त्याची खूण दिसली असती.

तो इंजेक्टर मी उघडला नाही. एकच इंजेक्टर गेला म्हणजे तो मुळातच सदोष होता, एवढं म्हणणंही घाईचं ठरलं असतं. हाय-प्रेशर पाइप कधी उघडला गेला असेल तर एखादा कण एकाच इंजेक्टरमध्ये शिरू शकतो. त्याचा उलगडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. पाण्याने गंजाचे डाग पडतात, कणाने सरळ ओरखडे उमटतात, वंगण कमी पडलं तर पृष्ठभाग घासून चकचकीत होतो. ती तपासणी कंपनीनेच करायची होती, आणि मी आधी उघडला असता तर पुरावाच गेला असता. मालकाने रिटर्न टेस्टचे फोटो जोडून वर्कशॉपला पत्र दिलं: नकार द्यायचा असेल तर कारण लेखी द्या, डिझेलचा तपासणी अहवाल दाखवा, पार्ट कंपनीकडे पाठवा. क्लेम पुन्हा उघडला गेला आणि इंजेक्टर वॉरंटीत बदलून मिळाला.

या मागणीला कायद्याचा आधार आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं हा त्यातला मुख्य मुद्दा होता. त्याच आदेशात वॉरंटीबद्दल नेमकी दिशा दिली आहे: बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. आदेशावर पुढे अपिलं झाली, पण त्यातलं तत्त्व मला मोलाचं वाटतं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यापासून असाच विचार आहे. अमुकच ब्रँडचा पार्ट वापरा, तरच वॉरंटी, अशी अट तिथल्या उत्पादकाला सहसा घालता येत नाही. बाहेर लावलेल्या वायपर मोटरसाठी टर्बोचा क्लेम नाकारायचा नाही, एवढा साधा हा न्याय आहे.

‘गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असंही काहींना सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक घेणाऱ्याचं उदाहरण देऊन तो ग्राहकच ठरतो, असं म्हटलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’तून वगळली आहे. पगारी ड्रायव्हर ठेवून गाड्यांचा ताफा चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. एक पिकअप घेऊन स्वतः स्टिअरिंगवर बसणाऱ्याने मात्र बिचकायचं कारण नाही. तो राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो, आणि गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

पण कायदा पुराव्यावर चालतो, आणि गाडीच्या बिघाडाचा पुरावा फार लवकर पुसला जातो. इंजिनाचा दिवा लागतो त्या क्षणाचा वेग, भार, तापमान इंजिनाचा संगणक कोडसोबत नोंदवून ठेवतो. वाटेत कुणी स्वस्तातला स्कॅनर लावून दिवा ‘घालवून’ दिला की ही नोंद गेली. म्हणून दिवा लागला की आधी डॅशबोर्डचा फोटो किलोमीटरसह काढा. कोड वाचायला हरकत नाही, पण पुसू देऊ नका. रेल प्रेशर कमी असल्याचा पी००८७ सारखा कोड असेल तर गाडी तशीच रेटत चालवू नका, टो करा. पंपाने धातूचा चुरा सोडायला सुरुवात केली असेल तर पुढच्या प्रत्येक किलोमीटरला तो रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये, रिटर्नमार्गे टाकीत पसरतो आणि एका पंपाचं काम सगळी सिस्टिम बदलण्यावर जातं.

जॉब कार्डवर ‘गाडी ओढत नाही’ एवढंच लिहून सही करू नका. किती भार होता, कोणता गिअर, चढ की सपाट, इंजिन गार की गरम, हे लिहवून घ्या आणि प्रत मागा. सर्व्हिस किलोमीटर किंवा महिने यांतलं जे आधी येईल त्याला करा. बरेच नकार याच एका अटीवर टिकतात. डीपीएफच्या गाडीत कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, कमी राख सोडणारं ऑइल घाला, कारण काजळी जळते, राख जळत नाही. फिल्टरमधलं पाणी वेळेवर सोडा. डिझेलचे पैसे फोनवरून भरा, पंपाचं नाव आणि तारीख आपोआप नोंदली जाते. पंपावर घनता तपासून मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे, तो वापरा.

आणि ज्यांतून तुम्हाला कुणीच वाचवू शकत नाही, त्या गोष्टी करू नका. दीड टन क्षमतेच्या गाडीत २० किलोचे ७५ क्रेट बसतात. सव्वाशे चढवून क्लच जळाला तर तो क्लेम कुठल्याच टेबलावर टिकणार नाही, टिकूही नये. डीपीएफ कापून आत पोकळ नळी टाकून देणारे रस्त्यावर भेटतात. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बेकायदा बदल आहे, आणि त्याने इंजिनाच्या वॉरंटीवरचा तुमचा दावाही दुबळा होतो. मी असं काम घेत नाही आणि तसं केलेल्या गाडीसाठी पत्रही लिहून देत नाही.

कंपन्यांकडून माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक नकार लेखी द्या. त्यात कोणता पार्ट, कोणती तपासणी, काय आढळलं आणि त्यावरून हे कारण कसं ठरलं, एवढं मराठीत लिहा. डिझेलवर ठपका ठेवायचा असेल तर मालकासमोर नमुना सीलबंद करा आणि त्यातली एक बाटली त्याच्याकडे द्या. तपासणीत खर्च होणाऱ्या वेळेचे पैसे वर्कशॉपला द्या, म्हणजे मेकॅनिक अंदाज न बांधता शोध घेईल. यातून खोटे क्लेम वाढणार नाहीत, उलट ते उघडे पडतील. कारण तीच तपासणी निष्काळजी मालकाचंही खरं चित्र दाखवते. आणि ज्याने कर्ज काढून, नियमाने सर्व्हिस करून गाडी चालवली, त्याला नकार मिळालाच, तर तो कशामुळे मिळाला हे तरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल. दहा लाखांची वस्तू विकणारा एवढं देणं लागतो.