जिन्नाचा पत्ता

मुसलमान घरात ‘पत्ते’ हा शब्द निघाला की मोठ्यांच्या कपाळावर आठी पडते. आमच्याकडेही पडली. धाकटा दोस्तांकडून ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा खेळ शिकून आला, तेव्हा त्याच्या दादींनी पहिला प्रश्न केला, “यात जुगार आहे का?”

शंका निराधार नव्हती. १९९३ साली हा खेळ निघाला, तेव्हा दोघांनी एकेक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायचे, असा नियम मूळ नियमांत होता. पुढे तो मागे पडला. आम्ही पहिली अट घातली, पत्ता पणाला लावायचा नाही. मग मी त्याला म्हटले, “आता मला शिकव.”

प्रत्येकाकडे २० प्राण असतात. समोरच्याचे प्राण शून्यावर आणायचे. ते काम बहुतेक वेळा ‘क्रीचर’चे पत्ते करतात. पत्त्याच्या वर उजवीकडे किंमत असते. जमिनीचे पत्ते आडवे केले की प्रत्येकी एक ‘माना’ मिळतो, त्यातून ती चुकवायची. खाली उजवीकडे दोन आकडे. पहिला ताकदीचा, म्हणजे किती इजा करेल. दुसरा तग धरण्याचा, म्हणजे एका पाळीत किती इजा झाली की मरेल. साधे अस्वल दोन मानांचे, २/२. दोन अस्वले भिडली तर दोन्ही मरतात. जो वाचतो, त्याच्या जखमा पाळी संपताच भरून येतात.

नवा आलेला क्रीचर त्याच पाळीत हल्ला करू शकत नाही, एक फेरी थांबावे लागते. हल्ला करताना पत्ता आडवा होतो आणि आडवा पत्ता समोरच्याच्या पाळीत आपल्याला वाचवायला येत नाही. म्हणजे चढाई करायची तर घर उघडे पडते.

पण दोन आकडे म्हणजे सगळे नव्हे. मधला मजकूर वाचावा लागतो. डिसेंबर १९९३ मध्ये ‘अरेबियन नाइट्स’ नावाचा संच आला. त्यातला ‘जुझाम जिन्न’ फक्त चार मानांत ५/५. मात्र मालकाच्या प्रत्येक पाळीच्या आरंभी तो मालकाचाच एक प्राण घेतो. त्याच संचात ‘किंग सुलेमान’ आहे. दोन मानांचा, १/१. अस्वलही त्याला चिरडेल. पण पत्ता आडवा केला की तो कोणताही एक जिन्न किंवा इफ्रीत नष्ट करतो, मग तो कितीही मोठा असो.

हे जुने पत्ते महाग, म्हणून मुलगा मोबाइलवर पाहून पुठ्ठ्यावर बनवत होता. जुझाम झाला. पुढच्यापाशी पेन्सिल थांबली. “अम्मी, हे आपले हजरत सुलैमान का?”

मी कुरआन काढला. सूरह नम्लमध्ये इफ्रीत सबाच्या राणीचे सिंहासन आणायला पुढे होतो. सूरह सबामध्ये जिन्न हजरत सुलैमान (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी राबतात, पण अल्लाहच्या हुकुमाने. पत्त्यावरची ताकद राजाची स्वतःची आहे. कुरआनात ती दिलेली आहे आणि मिळालेल्या देणगीबद्दल ते रब्बचे आभार मानतात. शिवाय खेळात हरलेला क्रीचर ‘कब्रस्तान’ नावाच्या ढिगात जातो. नबींचे चित्र काढायचे आणि त्यांना असे मारायचे, हे आम्हाला मान्य नव्हते. मी तसे स्पष्ट सांगितले.

मग पुढची आयत वाचली. काठीला टेकलेल्या अवस्थेतच हजरत सुलैमान यांचे निधन झाले. जिन्न राबतच राहिले. वाळवीने काठी पोखरली, देह खाली आला, तेव्हा जिन्नांना कळले. गैबचे ज्ञान त्यांना असते तर ते त्या कष्टांत राहिले नसते.

मुलाने विचार केला आणि नवा पत्ता बनवला : ‘वाळवी’. दोन माना, १/१, आडवी केली की एक जिन्न नष्ट. दोस्तांनी तो चालवून घेतला.

मुले बाहेरून काय काय घरी आणतील, हे आपल्या हाती नाही. त्यांच्याशेजारी बसून नियम नीट समजून घेणे मात्र हाती आहे. त्यानंतर ‘हो’ कशाला आणि ‘नाही’ कशाला, हे सांगता येते आणि मुलांना ते पटतेही.