दिवसाला एक मिलिमीटर

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात काचेचे कपाट पुसायला म्हणून मी स्टुलावर चढले आणि काचेसकट खाली आले. काच मनगटात घुसली. डॉक्टरांनी तुटलेला मज्जातंतू सांधला. पण अंगठा, तर्जनी आणि मधले बोट मुकीच झाली. चहा गरम की गार, ते कळेना. चिमटीत रांगोळी धरवेना. दारात सासूबाईंनी नुसती लक्ष्मीची पावले काढली.

“बोटं कधी शुद्धीवर येतील हो?” मी विचारले.

“सांधलेला तंतू मनगटापासून पुन्हा वाढत जातो. दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मेंदूतले, पाठीच्या कण्यातले तंतू एवढीही दया दाखवत नाहीत. तुम्ही नशीबवान!”

घरी येऊन पट्टीने मोजले. मनगट ते तर्जनीचे टोक १७ सेंटिमीटर. म्हणजे १७० दिवस. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे वेगळेच!

अशात आमच्या वन्संचे पार्सल आले. स्पिरुलिनाच्या तीन डब्या आणि चिठ्ठी: “वहिनी, रोज दोन घ्या. मेंदूचे तंतूसुद्धा सावरतात म्हणे.”

झाकण उघडले आणि तो वास आला. दहा वर्षांची असताना अण्णांनी लोणारचे विवर दाखवले होते. खाली उतरल्यावर ते हिरवेगार, क्षारयुक्त पाणी असेच उग्र दरवळत होते. त्या पाण्यात हीच मंडळी राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली स्प्रिंगसारखी वेटोळी दिसतात, म्हणून हे नाव. मेक्सिकोतले अझ्टेक लोक टेक्स्कोको सरोवरातून ती काढून खात. आफ्रिकेत चाड सरोवराच्या बाजूला बायका अजूनही ती गाळून उन्हात तिच्या वड्या वाळवतात, आपण सांडगे घालतो तशा.

कॉलेजात शास्त्र शिकणारा वन्संचा मुलगा भाऊबीजेला आला, त्याला मी विचारले.

“मामी, २००५ साली अमेरिकेत उंदरांना स्पिरुलिना चारली. मग मेंदूचा रक्तपुरवठा काही वेळ बंद केला, तेव्हा त्यांच्या मेंदूची हानी कमी झाली. तिच्यातलं फायकोसायनिन नावाचं निळं द्रव्य दाह कमी करतं, असं प्रयोगात दिसतं. पण उंदरांना ती आधी चार आठवडे चारली होती.”

“म्हणजे स्टुलावर चढण्यापूर्वी महिनाभर मी खायला हवी होती!”

तो हसला नाही. हळूच म्हणाला, “या बाबांसाठी आणलेल्या. आईला काही बोलू नका.”

वन्संचे यजमान दोन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होते. भाद्रपदात गेले. डब्या उरल्या होत्या.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, “माणसाचा तुटलेला तंतू यानं जुळतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. घ्यायच्या तर खात्रीच्याच घ्या. खराब पाण्यातल्या शेवाळात विषारी जातीही मिसळतात. पण व्यायाम चुकवू नका.”

व्यायाम म्हणजे डोळे मिटून परातीतल्या तांदळातून चिंचोके वेचणे. चिंचोके लपवायचे काम सासूबाईंकडे! डॉक्टर मनगटापासून टिचक्या मारत येत. जिथे बोटांत मुंग्या येत, तिथवर तंतू पोचला. गुढीपाडव्याला तो तळहाताच्या मध्यावर होता. एक डबी संपली, तेव्हा मी गोळ्या थांबवल्या.

गणपतीत मोदकांची उकड मळायला घेतली आणि ओरडले, “अगबाई, भाजलं!” सगळे धावले. मी हसत होते आणि रडतही होते. मुक्या बोटाला चटका कळला होता.

वन्सं शेजारीच पुरण ढवळत होत्या. त्यांनी माझे बोट हातात घेतले, फुंकर घातली. “बघा, लागू पडल्या की नाही!”

भाचा माझ्याकडे पाहत होता. मी म्हटले, “हात आला हो, वन्सं.” एवढे तर खरेच होते.

उरलेल्या दोन डब्या कपाटात आहेत. काच नवी बसवली आहे. पुसायला आता हे चढतात. आज वसुबारस. सकाळी दारात चार ठिपक्यांची रांगोळी घातली. एक रेघ जरा वाकडी आली. सासूबाई पुसून पुन्हा काढ म्हणाल्या. मी ती तशीच ठेवली.