पाचही भोकं

अण्णा तारऑफिसातून रात्रपाळी करून परतले की त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कागदी पट्टीची भेंडोळी सापडायची. बोटभर रुंदीची, भोकाभोकांची पट्टी. आम्ही भावंडं तिची तोरणं करायचो. त्या भोकांत माणसांचे शब्द आहेत, हे अण्णांनी मला तिसरीत असताना सांगितलं. एका अक्षराला पाच जागा. कुठे भोक, कुठे कोरा कागद. अशा बत्तीसच जुळण्या होतात. म्हणून एक खूण यंत्राला अक्षरांकडे वळवते, दुसरी आकड्यांकडे, आणि तीच भोकं दोन्हीकडे कामाला येतात.

पाचाची ही युक्ती फ्रान्सच्या एमिल बोदोची, १८७४ची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरेनं तिला टाइपरायटरसारख्या कळा जोडल्या आणि अक्षरांची वाटणी नव्यानं केली. इंग्रजीत ‘ई’ आणि ‘टी’ सतत येतात, म्हणून त्यांना एकेकच भोक. यंत्र कमी झिजावं, एवढाच हेतू. अण्णांना या काटकसरीचं फार कौतुक होतं.

त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मात्र मनात कायमची राहिली. पाडलेलं भोक बुजवता येत नाही. मग चुकलं तर? पट्टी एक घर मागे घ्यायची आणि त्याच जागी पाचही भोकं पाडायची. पाचही भोकं म्हणजे ‘अक्षरांकडे वळ’ अशी खूण. यंत्र आधीच अक्षरांवर असलं, तर काहीही न छापता ते पुढे सरकतं.

पुढे मी एका मराठी दैनिकात उपसंपादक झालो. टेलिप्रिंटरची खोली वेगळी होती, पण खडखड सगळ्या कार्यालयात भरलेली असे. मिनिटाला साधारण ६६ शब्द, रात्रभर. पीटीआय आणि यूएनआय या वृत्तसंस्थांची इंग्रजी कॉपी फाडून टेबलावर यायची आणि आम्ही ती मराठीत उतरवायचो. मोठी बातमी आली की यंत्रातली घंटा वाजे आणि हातातलं पेन आपोआप थांबे.

एका पावसाळी रात्री घाटातल्या बस अपघाताची बातमी आली. लाइन खराब होती. मृतांच्या आकड्याच्या जागी दोन अक्षरं उमटली होती, डब्ल्यू आणि ई. इंग्रजीत वाचलं तर ‘आम्ही’. क्षणभर अंगावर काटा आला. मग अण्णांची शिकवण आठवली. कळांची वरची ओळ, क्यूपासून पीपर्यंत, म्हणजे १ ते ९ आणि शेवटी शून्य. आकड्यांकडे वळवणारी खूण वाटेत हरवली होती. डब्ल्यू म्हणजे २, ई म्हणजे ३. तालुक्याच्या वार्ताहराला फोन लावून खात्री केली आणि मगच २३ हा आकडा छापायला दिला. पण ते ‘आम्ही’ मी आजवर विसरलेलो नाही. त्या रात्रीनंतर मृतांचा कुठलाही आकडा मला नुसता आकडा म्हणून लिहिता आला नाही.

मग संगणक आले आणि ती खोली शांत झाली. २०१३च्या जुलैत तारही बंद झाली. टेलिप्रिंटर संपला असंच मी धरून चाललो होतो. संगणकाचं काम करणाऱ्या माझ्या लेकीनं मला एकदा पडद्यावरची काळी खिडकी दाखवली. त्या खिडकीला आजही ‘टीटीवाय’ म्हणतात, म्हणजे टेलिटाइप. १९६३ साली आलेल्या मॉडेल ३३ या टेलिप्रिंटरवरून माणसं संगणकाशी बोलायची. तो सेकंदाला दहा अक्षरं छापायचा. त्याच्या पट्टीत पाचाऐवजी सात जागा अक्षराच्या होत्या. “आणि बाबा, डिलीटचा संकेत १२७ आहे,” ती म्हणाली. “म्हणजे सातही एक.”

सातही भोकं! मी तिला अण्णांची गोष्ट सांगितली.

त्या रात्री अण्णांची ट्रंक उघडली. तळाशी पट्टीचं एक भेंडोळं होतं, पिवळं पडलेलं. दिव्यासमोर धरून एकेक अक्षर लावत गेलो. कुणाच्या तरी गावाचं नाव, कुणी तरी पोचल्याचा निरोप. मधेच एका जागी पाचही भोकं, सरळ रेषेत, नीट पाडलेली. आधी तिथे कोणतं अक्षर होतं, हे आता कुणालाच कळणार नाही. त्या पाच भोकांतून मात्र दिव्याचा उजेड माझ्या तळहातावर पडला होता.